पट्ट्याचं सहावं भोक

मी मुसकी. कुत्र्याच्या तोंडाला बांधतात ती, चामड्याची. सगळं आयुष्य दुसऱ्याचं तोंड बंद ठेवण्यात गेलं, त्यामुळे स्वतः बोलायची मला सवय नाही. हल्ली मी जनावरांच्या दवाखान्यात वजनकाट्याच्या वर एका खिळ्याला लटकून असते. समोरच्या बाकावर माणसं आपापली कुत्री घेऊन बसतात आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, "गप बस, नाहीतर ती बघ, ती बांधतील." गुन्हेगाराचा फोटो लावावा तशी माझी अवस्था आहे. म्हणून म्हटलं, आपली बाजू एकदा सांगून टाकावी.

माझा जन्म मारहाणीतच झाला. मी मूळची एका जुन्या खोगिराचा तुकडा. कारागिरानं मला रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलं, सकाळी लाकडी ठोकळ्यावर ताणून हातोडीनं ठोकलं, आरीनं भोसकलं आणि दोरा दातांत धरून आवळत आवळत शिवलं. मग पट्ट्याचं माप घ्यायला तो वखारीत गेला. तिघांनी कुत्रा धरला, यानं सुतळी पुढे केली, आणि कुत्र्यानं त्याच्या कोपराचा लचका सदऱ्याच्या बाहीसकट काढला. कारागीर हाताला फडकं गुंडाळत म्हणाला, "माप बरोबर आलंय. जबडा अगदी आतून बघितला."

माझ्या पट्ट्याला त्यानं पाच भोकं पाडली. हे भोकांचं लक्षात ठेवा, पुढे तेच कामाला येणार आहे.

कुत्र्याचं नाव फौजदार. काळा, रुंद छातीचा, आणि बदलीची भीती नसलेला मी पाहिलेला एकमेव फौजदार. वखार लाकडाची. दिवसभर करवतीचं यंत्र किंचाळायचं, ओंडके गडगडायचे, भुसा उडायचा. नियम असा होता, की फाटक उघडं आणि गाड्या भरणं चालू असेपर्यंत फौजदाराच्या तोंडाला मी. फाटक लागलं की मी खुंटीवर आणि फौजदार मोकळा.

वखारीचा कारभार मालकांच्या मेहुण्याकडे होता. मालकांच्या मुलांचा तो मामा, म्हणून सगळ्या वखारीचाच मामा झाला. त्यानं कुठल्याशा पुस्तकाची पहिली वीस पानं वाचली होती. त्यांत लिहिलं होतं म्हणे, की राखणीचा कुत्रा कधी खुशीत असता कामा नये. मामानं हा उपदेश मनावर घेतला. यंत्राचा एक तुटलेला रबरी पट्टा त्याच्याकडे होता. रोज जेवण झालं की तो आळोखेपिळोखे देत यायचा, फौजदाराला साखळीला आखडून बांधायचा आणि दहा-बारा फटके ओढायचा. बरगड्यांवर, मांड्यांवर, कधी थेट थोबाडावर. थोबाडावरचे मीही खाल्ले. माझ्या उजव्या बाजूची शिवण उसवली आहे ती त्यातलीच. पण मामा शूर माणूस. कुत्र्याचं तोंड बांधलेलं असल्याशिवाय त्यानं एकदाही हात उचलला नाही.

रखवालदार तात्या मात्र वेगळा होता. तरुणपणी कुस्त्या खेळलेला, एक कान पिळवटून गोळा झालेला. वखारीतली कुत्री काहीही चघळतात. एकदा फौजदाराच्या टाळूत लाकडाची सळ घुसली. तात्यानं मला सोडलं, मूठ सरळ त्या जबड्यात घातली आणि सळ उपटून काढली. रक्त आलं, फौजदार घशातून गुरगुरला, पण दात मिटले नाहीत. "बघ, शहाणा आहे की नाही," तात्या म्हणाला. मामा लांबून म्हणाला, "तात्या, हात गेला असता म्हणजे?" "गेला असता तर एकच गेला असता मामा, दुसरा आहे की."

फौजदार कामाला कसा होता तेही सांगते. एका रविवारी भर दुपारी दोघेजण यंत्राची मोटर चोरायला भिंतीवरून उतरले. सुट्टी असल्यामुळे मी खुंटीवर होते, सगळं दिसत होतं. फौजदारानं आवाजसुद्धा केला नाही. एकाची मांडी धरली आणि लोंबकळला. दुसऱ्यानं पहारीनं त्याच्या पाठीत घातली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा बरगडी मोडल्याचा आवाज मला तिथे खुंटीपर्यंत आला. फौजदारानं पकड सोडली नाही. तात्या धावत आला तेव्हा पहारवाला भिंतीवरून पळाला होता आणि मांडीवाला "आई आई" करत जमिनीला मिठी मारून पडला होता. पुढचे सहा महिने मालक पाहुण्यांना फौजदार दाखवायचे आणि मामा सांगायचा, "मी तयार केलाय."

हा फौजदार सातव्या वर्षी बदलला. सगळ्यांत आधी मला कळलं, कारण त्याच्या तोंडाशी माझ्याइतकं जवळ कोणीच नव्हतं.

आधी श्वास बदलला. नुसतं फाटकापर्यंत जाऊन आला तरी धापा टाकायचा. मग हिरड्यांचा रंग उतरला. एरवी चांगल्या गुलाबी असायच्या, त्या कागदासारख्या पांढऱ्या पडत चालल्या. ओठांच्या आतल्या बाजूला मोहरीएवढे लाल ठिपके उठले. आणि पट्टा सैल होऊ लागला. धडधाकट होता तेव्हा मी दुसऱ्या भोकात बसायचे. दोन आठवड्यांत तिसरं लागलं, मग चौथं, मग पाचवं.

आता कुत्र्याचं थोबाड उतरतंय, गालफडं बसतायत, हे कोणाच्या तरी लक्षात यावं की नाही? नाही आलं. तात्यानं मला हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "चामडं सैल पडलं. जुनं झालं." मला एक दिवस भिजवून उन्हात आवळायला ठेवलं, मग तेल चोपडलं. आठवड्यानं तरी सैलच. तेव्हा त्यानं खिळा घेतला आणि हातोडीनं माझ्यात सहावं भोक पाडलं. जिवाला जीव देणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं कुत्र्याचा रोग माझ्यावर ढकलला. मला बोलता आलं असतं तर मी तेव्हाच ओरडले असते.

मामाचं निदान तर तयारच होतं. "माजलाय. आयतं खाऊन आळसावलाय." आणि फटके दहाचे वीस झाले.

फौजदार पूर्वी फटक्याला ताठ उभा राहायचा. आता पाचव्या-सहाव्याला बसायचा. पोटावरच्या विरळ केसांतून जांभळे डाग दिसू लागले, नुसतं साखळी घासली तरी उमटायचे. एरवी मार जिरत असे, तो आता कातडीखाली साठून राहत होता.

मग ती सकाळ आली. विम्याचा साहेब वखार बघायला येणार होता. तात्याला मामानं करवतीची पाती घेऊन धार लावायला पाठवलं, आणि कुत्र्यामुळे साहेब बिचकू नये म्हणून आठ वाजता मला स्वतःच्या हातानं फौजदाराच्या तोंडावर चढवलं. सहाव्या भोकात, घट्ट. फौजदारानं विरोध केला नाही. तोंड माझ्यात घालून तो निमूट पडला.

दहाच्या सुमारास त्याच्या हिरड्यांतून रक्त झिरपायला लागलं. कशाचं निमित्त नाही, जखम नाही, नुसतं झिरपत होतं आणि थांबत नव्हतं. मग नाकातून. माझा आतला भाग भिजला, थेंब फाटकाजवळच्या भुशात पडू लागले.

विम्याचा साहेब काही आला नाही. बाराला शेजारची गिरणीवाली मावशी मात्र आली. कंबरेला पदर खोचलेला, केसांत पीठ. तिची शेळी भिंतीपलीकडे गळा फाडलेल्या अवस्थेत मिळाली होती. "कोणाचा कुत्रा मोकळा आहे?" एवढंच तिनं विचारलं. मामानं भुशातले थेंब पाहिले. मला फौजदाराच्या तोंडावरून ओढून काढलं, उलटं केलं, आणि माझा लाल झालेला आतला भाग सगळ्यांसमोर उंच धरला.

"हा बघा पुरावा!"

कोर्टात असतो तसा पुरावा मी पहिल्यांदाच झाले. पण साक्ष कोणी घेतली नाही.

"एकदा रक्ताची चटक लागली की संपलं," मामा म्हणाला. मला परत फौजदाराच्या तोंडावर आवळलं, साखळी आखडली आणि रबरी पट्टा हातात घेतला. त्या दिवशी त्यानं मोजले नाहीत. पाठीवर, पोटावर, डोक्यावर. फौजदार तिसऱ्या फटक्यालाच आडवा झाला. आडवा पडलेल्याला मारायला जास्त सोपं जातं, हात वरून खाली येतो. माझ्या जाळीतून रक्ताचे फुगे येत होते. मावशीसुद्धा म्हणाली, "अहो पुरे, माझी शेळी काय परत येणार आहे?" मामा म्हणाला, "तुम्ही मधे पडू नका. संध्याकाळी दाजी आले की बंदूकवाला बोलावतो. तोवर शिक्षा नको?"

तेवढ्यात तात्या आला. खांद्यावर धार लावलेली पाती. पाती खाली ठेवायला विसरला नाही, हे त्याचं मोठेपण. पुढचा फटका त्यानं पाठीवर घेतला, वळला, आणि मामाच्या जबड्यावर एकच ठोसा हाणला. जबड्यावर बसलेल्या फटक्याचा आवाज बाहेरून कसा येतो ते मी तेव्हा ऐकलं. मामा भुशाच्या ढिगात बसला, तोंडातून दाताचा तुकडा थुंकला आणि बोबडं बोलला, "तुला कामावरून काढला!"

"काढा," तात्या म्हणाला. "आधी हातगाडी काढतो."

फळ्या वाहायच्या गाडीवर फौजदाराला घालून त्यानं भर उन्हात गाडी ढकलत दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई बुटक्या, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली, आणि जीभ धारेची. "कोणी मारलं?" हा पहिला प्रश्न. तात्यानं सगळं सांगितलं. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "बाई, शेळी ह्यानं मारली असेल का हो? माझं मन घेत नाही. पण तोंडात रक्त होतं."

बाईंनी मला सोडलं. ओठ वर केला, हिरडीवर अंगठा दाबला आणि उचलला. दाबलेली जागा आणि न दाबलेली जागा, दोन्ही सारख्याच पांढऱ्या. मग मानेखाली, काखेत, मांडीच्या सांध्यात चाचपलं, गाठी लागल्या. पोटावरून हात फिरवला तर पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजून लांबवर आलेली. रक्ताचा थेंब काचेवर पसरून रंग घातला आणि त्या बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. तात्या भिंतीला टेकून उभा. फौजदाराचा श्वास मोजून घ्यावा असा.

"तात्या, हा चावलेला नाही," बाई म्हणाल्या. "हे रक्त ह्याचंच आहे. ह्याला ल्युकेमिया झालाय. रक्ताचा कर्करोग."

"कुत्र्याला होतो?"

"होतो. त्याला तंबाखूची गरज लागत नाही." मग आवाज खाली आणून त्यांनी समजावलं. "हाडांच्या आत मगज असतो ना, तिथं रक्त तयार होतं. तांबड्या पेशी हवा वाहून नेतात, पांढऱ्या रोगाशी लढतात, आणि बारीक कण असतात ते जखम झाली की रक्त थोपवतात. ह्याच्या मगजात कच्च्या पांढऱ्या पेशींचं बेसुमार पीक आलंय."

"म्हणजे शिपाई वाढले. मग चांगलंच की."

"शिपाई नव्हेत हो, शिपायाचे कपडे घातलेले गुंड. त्यांना लढता येत नाही, वेळेवर मरत नाहीत, आणि सगळी जागा अडवून कामाच्या पेशींना जन्मूच देत नाहीत. तांबड्या कमी, म्हणून धाप आणि पांढऱ्या हिरड्या. कण कमी, म्हणून रक्त थांबत नाही."

वखारीत मामा आल्यापासून हेच चालू होतं, त्यामुळे तात्याला पटकन समजलं.

"मारानं झालं का?" त्यानं विचारलं.

"नाही. मारानं हा रोग होत नाही. पण ह्या रोगात मार जिरत नाही. आत कुठे कुठे रक्त साकळलंय देव जाणे."

बाईंनी मला उचललं. पट्ट्यावर बोट फिरवलं. दुसऱ्या भोकाभोवती चामडं झिजून काळं पडलं होतं, तिसऱ्या-चौथ्याभोवती थोडंसं, आणि सहावं ओबडधोबड, खिळ्याचं. "हे कधी पाडलं?"

"मागच्या आठवड्यात. चामडं सैल पडलं होतं म्हणून."

बाईंनी बोट परत दुसऱ्या भोकापासून सहाव्यापर्यंत नेलं. मग तात्याकडे पाहिलं. तात्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं, आणि तो कुस्तीगीर मटकन बाकावर बसला.

"सहा आठवडे आधी आणला असता तर?"

"एक सावकाश वाढणारा प्रकार असतो. त्यात गोळ्यांवर कुत्री वर्ष-वर्ष, जास्तही काढतात. ह्याचा तो नाही, हा भडक आहे. पक्कं करायला नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते, पण काचेवर दिसायचं ते दिसलंय. आधी आणला असता तर औषधांनी थोडे दिवस मिळाले असते, बरा झाला नसता." बाईंनी मला टेबलावर ठेवलं. "पण सहा आठवडे आळशी म्हणून मार खाल्ला नसता."

तात्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. माझ्या आयुष्यात माणसानं स्वतःचं तोंड बांधलेलं मी तेवढंच पाहिलं.

संध्याकाळी फाटकात पंचायत बसली. मालक आलेले, मामा गालाला फडकं बांधून, एक बंदूकवाला बंदूक पुशीत, आणि मावशी पोत्यावर ठेवलेल्या शेळीजवळ. हातगाडीमागून डॉक्टरबाई चालत आल्या आणि मला मालकांच्या टेबलावर आपटलं.

"ही सकाळी कोणी बांधली?"

"मी," मामा ऐटीत म्हणाला. "आठ वाजता. सहाव्या भोकात. कोणाच्या भरवशावर ठेवत नाही मी कामं."

"काढली कधी?"

"बाराला. मीच. रक्त दाखवायला."

"मावशी, शेळी जिवंत शेवटची कधी पाहिली?"

"नवाला पाला घातला की तिला मी."

मालकांनी बोटांवर तास मोजले. यंत्र बंद होतं, तरी काहीतरी कापलं जात असल्यासारखं वाटलं. शेवटी मालक म्हणाले, "म्हणजे आठ ते बारा ह्याचं तोंड बंद होतं."

"पण रक्त?" मामा म्हणाला.

"आतल्या बाजूला. बाहेर एक डाग नाही. शेळीचा एक केस नाही. ते रक्त त्याच्या हिरड्यांचं." बाईंनी रोग सांगितला.

मावशी उठली. "तू स्वतः तोंड बांधलंस, स्वतः सोडलंस, आणि माझ्या शेळीच्या नावानं मुकं जनावर फोडलंस? मग शेळी खाल्ली कोणी, तू?" आणि हातातलं शेळीचं दावं तिनं मामाच्या पाठीत असं वाजवलं, की बंदूकवाला दचकून मागे सरला. दुसरं वाजलं, तिसरं वाजलं. मालकांनी चौथ्यानंतर अडवलं. त्यांना घाई नव्हती.

मामा तरी मामाच. भिंतीला टेकून म्हणाला, "दाजी, रोगट आहे म्हणतायत, मग गोळी घालाच. पोरांना लागला तर?"

"हा रोग लागत नाही," बाई म्हणाल्या. "माणसाला नाही, दुसऱ्या कुत्र्यालाही नाही. अक्कलही लागत नाही तशीच, तुमच्याकडे बघून कळतंय."

बंदूकवाला आल्या पावली गेला. मालकांनी न्याय केला, म्हणजे कोणालाच काही बोलले नाहीत. तात्याचं काम राहिलं, मामाचंही राहिलं. शेळी कोणी मारली ते कधी कळलं नाही, मोकाट कुत्र्यांची टोळी असावी असं बाई म्हणाल्या. फौजदार तात्याच्या खोलीत गेला आणि मी तिच्या दारातल्या खुंटीवर.

तो पुढे एकोणीस दिवस जगला. प्रयोगशाळेचं उत्तर आठव्या दिवशी आलं, बाई म्हणाल्या तेच होतं. गोळ्यांनी चार दिवस बरे गेले. उठून फाटकापर्यंत गेला, मामाकडे बघून एकदा भुंकला, आणि मामा ओंडक्यावर चढला. मग परत उतरती लागली. शेवटी पाणीही पोटात ठरेना, आणि हात लावला की तो कळवळू लागला. तात्या स्वतः बाईंना बोलवायला गेला.

सकाळची वेळ होती. बाईंनी सुई भरली आणि खुंटीवर माझ्याकडे पाहिलं. "तात्या, दुखणाऱ्या जनावराचा नेम नसतो. बांधायची का?"

"नको," तात्या म्हणाला. "खूप बांधलं." आणि त्यानं फौजदाराचं डोकं मांडीवर घेऊन आपला हात त्याच्या तोंडाजवळ ठेवला.

सुई टोचली आणि फौजदार चावला. आयुष्यात पहिल्यांदा तात्याला चावला. उरलेली सगळी ताकद लावून, चारही सुळे मनगटात रुतवून. बाई ओरडल्या. तात्यानं हात ओढला नाही. दुसऱ्या हातानं त्याच्या कानामागे खाजवत राहिला, "चाव. चाव रे. माझं देणंच आहे ते." जबडा हळूहळू ढिला पडला, श्वास थांबला, मग तात्यानं एकेक दात स्वतःच्या हातातून काढला.

रक्ताची धार लागली होती. बाई कापूस दाबू लागल्या. पाच-सात मिनिटांनी कापूस उचलला, तर जखमांवर लाल खपली धरू लागलेली. तात्या त्या हाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बघा बाई. माझं थांबलं."

आणि तेव्हा तो रडला.

महिन्यानं वखारीत नवं पिल्लू आलं. मामानं मला मागितलं. तात्यानं मला खुंटीवरून काढलं, करवतीच्या पात्यावर धरलं आणि माझा पट्टा बक्कलाजवळ कापून टाकला. मला दुखलं, पण मी तक्रार करणार नाही. मग तो मला इथे घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, ही लोकांना दाखवा."

बाई दाखवतात. सुस्त पडलेलं कुत्रं घेऊन कोणी आलं आणि "आळसावलंय हो," असं म्हणालं, की त्या मला खिळ्यावरून काढून दुसऱ्या भोकापासून सहाव्यापर्यंत बोट फिरवतात. मग त्या माणसाला स्वतःच्या हातानं कुत्र्याचा ओठ वर करायला लावतात.

तुम्हीही करा. अंगठा दाबा, उचला, रंग परत येतो का बघा. एवढंसं काम आहे, त्याला पुस्तकाची वीस पानंसुद्धा लागत नाहीत. आणि कधी बांधलेला पट्टा ढिला वाटला, तर तेलाची बाटली शोधण्याआधी आत कोण आहे त्याच्याकडे बघा.

मी सैल पडले नव्हते.